आश्रयदाता गेल्यावर : सांगलीकर नाटक मंडळी, १८५१ ते १८५३

१८५१ साली सांगली संस्थानचे पहिले अधिपती चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन वारले आणि त्यांच्या आश्रयाला असलेली एक नाटक मंडळी उघड्यावर पडली. मंडळी आठ वर्षांची होती. तिच्याजवळ बसवलेली आख्याने होती, सोंगांचे सामान होते, तालमीत तयार झालेली माणसे होती आणि तिचे चालक विष्णु अमृत भावे, म्हणजे आपण ज्यांना विष्णुदास भावे म्हणून ओळखतो, त्यांच्या डोक्यावर कर्जही होते. पुढच्या खेळाचा खर्च कोण देणार, या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणाजवळच नव्हते. त्यानंतर दोन वर्षांच्या आतच ही मंडळी मुंबईत ग्रँट रोडवरच्या नाटकगृहात तिकीट लावून खेळ करू लागली होती. प्रस्तुत अभ्यास या दोन वर्षांचा आहे.

५ नोव्हेंबर हा आपण मराठी रंगभूमी दिन मानतो, कारण १८४३ साली त्या दिवशी सांगलीत भाव्यांचे 'सीतास्वयंवर' झाले. तो मान योग्यच आहे. तरीही मला नेहमी असे वाटत आले आहे की ज्या संकटाने या मंडळीला दरबारातून बाहेर काढले, त्याकडे आपण पुरेसे पाहिलेले नाही. मराठी नाटक १८४३ मध्ये उभे राहिले असले, तरी मराठी नाटकाचा धंदा १८५१ च्या अडचणीतून उभा राहिला, आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांतल्या नाटक मंडळ्यांचे बळ काय नि उणीव काय, दोन्हींची मुळे त्या अडचणीतून काढलेल्या वाटेत सापडतात.

दरबारातली आठ वर्षे

सुरुवातीची हकिकत बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. १८४२ मध्ये कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीस आली. त्यांचे पौराणिक खेळ आप्पासाहेबांनी पाहिले आणि आपल्याकडे असे काही, पण याहून नीटनेटके, मराठीत व्हावे अशी इच्छा त्यांनी बोलून दाखवली. काम त्यांनी भाव्यांवर सोपवले. भाव्यांचे वडील सांगली दरबारच्या नोकरीत होते. स्वतः भावे तेव्हा विशी ओलांडलेले तरुण होते. गोष्टी रचण्याचा आणि हाताने बाहुल्या, चित्रे घडवण्याचा त्यांना नाद होता. हे दुसरे अंग महत्त्वाचे आहे, कारण सोंगे, मुकुट, गणपतीची सोंड, सरस्वतीचा मोर हे सारे कोणीतरी हाताने करावेच लागते, आणि हाताखाली पैसा नसताना ते ज्याला स्वतः करता येते, तो मंडळी चालवू शकतो.

आप्पासाहेब हे साधे आश्रयदाते नव्हते. मिरजेच्या पटवर्धनांपासून वेगळे होऊन १८०१ मध्ये त्यांनी सांगलीचे ठाणे बसवले, गावाला गणपतीचे देवालय दिले, पेशवाई बुडताना पाहिली आणि इंग्रजांशी तह करून आपली जहागीर टिकवली. १८१८ नंतर देशावरचे जे दरबार कलावंतांना पोसत, त्यांतले कित्येक नाहीसे झाले होते. १८४८ मध्ये तर औरस वारस नाही या सबबीवर गव्हर्नर जनरल डलहौसीने साताऱ्याचे राज्यच खालसा केले. म्हणून भाव्यांच्या मंडळीला मिळालेला आश्रय हा त्या काळातल्या उरल्यासुरल्या आश्रयांपैकी एक होता. तो सुटला तर दुसरा तितकाच भक्कम आश्रय मिळण्याची शक्यता दर वर्षी कमी होत चालली होती.

येथे तंजावरची आठवण करून देणे अप्रस्तुत होणार नाही. तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारी सतराव्या शतकाच्या अखेरीपासून मराठीत नाटके रचली गेली. शहाजी राजांची लक्ष्मीनारायणाच्या लग्नावरची रचना भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'पेक्षा दीडशे वर्षे जुनी आहे आणि त्या नाटकांची हस्तलिखिते तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. मराठी नाटकाचा मान वयावर द्यायचा तर तो तंजावरला द्यावा लागेल. पण ती नाटके राजवाड्यातच राहिली. त्यांतून गावोगाव फिरणारी, प्रेक्षकांच्या पैशावर जगणारी मंडळी निर्माण झाली नाही. सांगलीचे नाटकही आप्पासाहेबांच्या वाड्यातच राहिले असते, तर आज ते कदाचित एखाद्या दप्तरखान्यातली नोंद म्हणून उरले असते.

तो खेळ कसा होता

धंद्याचा विचार करण्याआधी माल काय होता ते जवळून पाहिले पाहिजे. एकच लाल पडदा आणि उजेडाला तेलाचे दिवे नि मशाली. सूत्रधार आणि त्याच्यामागे टाळ-मृदंग घेतलेले साथीदार उभे राहून मंगलाचरण म्हणत. मग अंगाला झाडपाला गुंडाळलेला विदूषक नाचत-उड्या मारीत येई आणि सूत्रधाराशी हुज्जत घाली : आपण कोण, येथे कशाला जमलात, हे नाटक म्हणजे काय. सूत्रधार त्याला समजावी, आणि या थट्टेतूनच प्रेक्षकांना आज कोणते आख्यान होणार हे कळे. मग विघ्नहर्त्याचे स्तवन होई आणि पडद्यामागून सोंड लावलेला गणपती येऊन आशीर्वाद देऊन जाई. त्याच्यामागून सरस्वती येई. कमरेला मोराचे सोंग बांधलेला मुलगा मृदंगाच्या बोलावर नाचे, आणि लहान मुले त्या मोरासाठीच जागी राहत.

एवढे झाल्यावर मूळ आख्यान सुरू होई. त्याची रीत अशी की प्रत्येक प्रवेशाचे वर्णन सूत्रधार पदातून गाई. पद संपले की पात्रांनी त्या प्रसंगाला धरून स्वतःच्या मनाने भाषण करायचे. राम काय म्हणाला हे पदात सांगून झालेले असे, ते रामाने आपल्या शब्दांत बोलून दाखवायचे. पात्रांची विभागणी ठरलेली होती : देवपार्टी, राक्षसपार्टी, स्त्रीपार्टी. स्त्रीपार्टीत अर्थातच मुले आणि कोवळे तरुण असत. राक्षस येताना मशालीवर राळेची पूड फेकली जाई, भपकन ज्वाळा उठे, आणि त्या उजेडात रंगवलेल्या तोंडाचा राक्षस आरोळ्या ठोकीत, तलवार फिरवीत येई. पुढे याच आरोळ्यांवरून आणि मृदंगाच्या बोलांवरून या नाटकांना 'अललडुर्र' आणि 'तागडथोम' अशी नावे पडली. ती तुच्छतेने दिलेली नावे आहेत आणि ती देणारी पिढी इंग्रजी शाळेत शिकलेली होती, हे वाचकाने लक्षात ठेवावे. विजेचा दिवा न पाहिलेल्या माणसाला अंधारातून राळेच्या भडक्यात उभा राहिलेला इंद्रजित कसा दिसला असेल, हे त्या नावांवरून कळत नाही.

या वर्णनात धंद्याच्या दृष्टीने दोन गोष्टी आहेत. एक, हा खेळ कोणालाही कळणारा होता. रामायण-महाभारतातले आख्यान श्रोत्याला आधीच पाठ असे, त्यामुळे दूरच्या गावी, परक्या बोलीच्या माणसांपुढेही तो करता येई. दुसरी, संवाद कोठेही लिहिलेले नव्हते. मंडळीची लिखित मिळकत म्हणजे सूत्रधाराची पदे एवढीच. या दुसऱ्या गोष्टीकडे मी पुढे पुन्हा येणार आहे, कारण मंडळीचा घात तिथूनच झाला.

पेच

आप्पासाहेबांच्या मागे गादीवर आलेले धुंडिराव ऊर्फ तात्यासाहेब तेव्हा जेमतेम बारा-तेरा वर्षांचे होते. अशा वेळी संस्थानचा कारभार ज्यांच्या हाती असतो, ते खर्चाचा हिशेब पाहतात आणि धन्याच्या आवडीनिवडीचा खर्च सगळ्यात आधी कापतात. नाटकाचा खर्च तसाच कापला गेला. यात कोणाचा दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. दरबारचा आश्रय हा व्यक्तीचा होता, संस्थानचा नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. आठ वर्षे भाव्यांनी ज्या भरवशावर माणसे गोळा केली आणि सामान केले, तो भरवसा एका माणसाच्या आयुष्याइतकाच लांब होता.

भाव्यांपुढे तीन वाटा होत्या. मंडळी मोडून सामान विकावे आणि जमेल तेवढे कर्ज फेडून नोकरी धरावी, ही पहिली. दुसऱ्या एखाद्या संस्थानिकाच्या पदरी जावे, ही दुसरी. तिसरी म्हणजे लोकांकडून पैसे घेऊन खेळ करावेत. आज तिसरी वाट सरळ दिसते. तेव्हा ती तशी नव्हती, आणि का नव्हती हे समजून घेतल्याशिवाय भाव्यांच्या निर्णयाचे मोल कळत नाही.

लोकांसमोर कला करून पोट भरणारे लोक महाराष्ट्रात पुष्कळ होते, पण पैसे घेण्याच्या त्यांच्या रीती वेगळ्या होत्या. कीर्तनकार कीर्तन करी आणि शेवटी आरतीचे ताट फिरे. ज्याला जेवढे वाटेल तेवढे तो टाकी, आणि टाकले नाही तरी श्रवणाचे पुण्य मिळाल्यावाचून राहत नसे. बुवांना बिदागी मिळे ती यजमानाकडून. तमाशात बैठकीला बसलेला रसिक खूश झाला की दौलतजादा करी, म्हणजे पैसे उधळी. गोंधळ्याला ज्याच्या घरी गोंधळ असेल तो देई. या सगळ्यांत पैसा कलेच्या नंतर किंवा कलेच्या ओघात येतो, देणाऱ्याच्या मर्जीने येतो, आणि देणारा आणि घेणारा यांच्यात यजमान नि आश्रित असे काहीतरी नाते राहते. तिकिटाची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. तिकिटाचा पैसा खेळाच्या आधी दारावर घ्यायचा, तो ठरावीक असतो, आणि देणारा माणूस मंडळीच्या ओळखीचा असण्याची गरज नसते. खेळ आवडला नाही तर त्याला पैसे परत मागता येत नाहीत. पण तो उद्या येत नाही, आणि त्याच्या शेजाऱ्यालाही येऊ देत नाही. या व्यवहारात आश्रयदाता एक राहत नाही, पाचशे होतात, आणि त्यांतल्या एकाच्याही मर्जीवर मंडळी सर्वस्वी अवलंबून राहत नाही.

शिवाय प्रश्न अब्रूचा होता. चार घरच्या मुलांनी तोंडाला रंग लावून लोकांपुढे नाचावे, त्यांत कोणी ब्राह्मणाघरचे असावेत, आणि तेही स्त्रीच्या वेषात, हे त्या काळच्या समाजाला सहज पचणारे नव्हते. महाराजांच्या आज्ञेने वाड्यात केले तर ते सेवेत मोडे. तेच परगावी जाऊन दारावर पैसे घेऊन केले, तर त्यात आणि तमाशात फरक काय, असे विचारणारे निघणारच होते. भाव्यांना धंदा करायचा होता आणि त्याच वेळी तो धंदा भल्या माणसांचा आहे हेही दाखवायचे होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळण्याची कसरत पुढे साठ-सत्तर वर्षे प्रत्येक नाटक मंडळीला करावी लागली.

घाट उतरून

भाव्यांनी फिरतीचा मार्ग पत्करला. देशावरच्या गावांतून खेळ करीत मंडळी मुंबईकडे सरकली. हा प्रवास नकाशावर जेवढा दिसतो तेवढा सोपा नव्हता. बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी आगगाडी धावली १६ एप्रिल १८५३ रोजी, म्हणजे मंडळी मुंबईत पोहोचल्यानंतर, आणि बोरघाट चढून जाणारा लोहमार्ग पुरा व्हायला आणखी दहा वर्षे होती. तेव्हा सामान बैलगाड्यांवर, माणसे काही गाडीत नि काही पायी, आणि घाट उतरायचा तो १८३० मध्ये खुल्या झालेल्या गाडीरस्त्याने. पावसाळ्याचे चार महिने असा प्रवास बंदच. मुकुट, पडदे, दागिने, मोराचे सोंग या वस्तू पाण्याने किंवा धक्क्याने बिघडणाऱ्या, आणि बिघडल्या तर वाटेत दुरुस्त करणारा भाव्यांशिवाय दुसरा कोण असणार?

फिरत्या मंडळीचा हिशेबही दरबारी मंडळीपेक्षा निराळा होतो. खेळ असो वा नसो, वीस-पंचवीस तोंडांना दोन वेळा जेवू घालावे लागते. बिऱ्हाडाला जागा, स्वयंपाकाला आचारी, मुलांवर लक्ष ठेवायला मोठे माणूस, आजारी पडलेल्याला औषध हे सारे आलेच. खेळाचे उत्पन्न रात्री एकदा येते, खर्च मात्र दिवसभर चालू राहतो. त्यामुळे एका गावी जितके दिवस प्रेक्षक मिळतील तितके दिवसच मुक्काम ठेवायचा, आणि गर्दी ओसरण्याच्या आत पुढच्या गावाची जुळवाजुळव करायची, असा क्रम आपोआप लागतो. लहान गावात तीन-चार आख्यानांत सगळे प्रेक्षक संपतात. म्हणून ज्या गावात दर रात्री नवे प्रेक्षक मिळतील असे मोठे गाव गाठणे ही मंडळीची गरज होती, आणि तसे गाव एकच होते.

मुंबई, १८५३

मुंबईत आल्यावर मंडळीने आधी खाजगी जागेत खेळ केले आणि नाव झाल्यावर मार्च १८५३ मध्ये ग्रँट रोडच्या नाटकगृहात पाऊल ठेवले. येथे झालेला 'इंद्रजितवध' हा तिकीट लावून केलेला पहिला मराठी नाट्यप्रयोग मानला जातो.

या नाटकगृहाची हकिकत भाव्यांच्या हकिकतीशी विलक्षण जुळणारी आहे. मुंबईतल्या इंग्रजांनी १७७६ मध्ये कोटातल्या मैदानावर हौशी नाटकांसाठी एक थिएटर बांधले होते. ते कर्जात बुडाले आणि १८३५ मध्ये विकून टाकावे लागले. त्यानंतर नवे थिएटर हवे अशी खटपट झाली. नाना शंकरशेट यांनी ग्रँट रोडवर जागा दिली आणि १८४६ मध्ये तेथे नवे नाटकगृह उघडले. पण जागा कोटापासून दूर, देशी वस्तीला लागून. साहेबलोक तेथपर्यंत नियमाने येईनात. इंग्रजी नाटकासाठी बांधलेली वास्तू प्रेक्षकांवाचून ओस पडत होती, आणि त्याच वेळी ज्यांना प्रेक्षक हवे होते पण वास्तू नव्हती अशी एक मराठी मंडळी घाट उतरून आली होती. नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड या दोघांनी भाव्यांना हात दिला. मुंबईच्या सार्वजनिक जीवनात ज्यांचा शब्द चाले अशी ही माणसे पाठीशी असल्यामुळे नाटक पाहायला जाणे शेठसावकारांना नि शाळाखात्यातल्या मंडळींना कमीपणाचे वाटले नाही.

नाटकगृहात गेल्याने खेळाचे स्वरूप किती बदलले असेल याची कल्पना करण्यासारखी आहे. वाड्याच्या चौकात प्रेक्षक तिन्ही बाजूंनी बसत. महाराजांची बैठक समोर, बाकीचे जागा मिळेल तेथे. येथे रंगमंच एका चौकटीत आला आणि प्रेक्षक एका बाजूला गेले. वर्गवारी पूर्वी मानावरून ठरे, आता ती तिकिटाच्या दरावरून ठरू लागली. पुढचे आसन पैसे मोजणाऱ्याचे, मग त्याची जात कोणतीही असो. हा बदल कोणी सुधारक म्हणून घडवून आणलेला नव्हता. थिएटरच्या बांधणीने आणि तिकिटाच्या हिशेबाने तो घडला, आणि म्हणूनच तो टिकला असे मला वाटते.

खेळाची जाहिरात इंग्रजी वर्तमानपत्रात दिली जाई आणि त्यात मंडळीचे नाव 'हिंदू ड्रॅमॅटिक कोअर', म्हणजे हिंदू नाटक मंडळी, असे येई. सांगलीचे नाव तेथे नव्हते, ते मुंबईच्या इंग्रजी वाचकाला काही सांगणारे नव्हतेच. जाहिरातीत भर होता तो या गोष्टीवर की ही नाटके हिंदूंच्या प्राचीन कवींच्या कथांवरून घेतलेली आहेत आणि त्यांत अश्लील असे काही नाही. हे वाक्य कोणाला उद्देशून होते? साहेबांना तर होतेच. पण इंग्रजी वाचणाऱ्या पारशी, गुजराती, मराठी घरांनाही होते. 'आमचे नाटक म्हणजे तमाशा नव्हे' हे मंडळीला पैसे मागण्याआधी सांगावे लागले. तमाशा करणाऱ्या कलावंतांवर यात अन्याय झाला, आणि तो पुढेही होत राहिला, हे नमूद केले पाहिजे. पण भाव्यांच्या बाजूने पाहिले तर प्रतिष्ठा हा त्यांच्या भांडवलाचाच एक भाग होता.

प्रेक्षक वाढवण्यासाठी भाव्यांनी आणखी एक पाऊल टाकले. मुंबईच्या मुक्कामात त्यांनी राजा गोपीचंदाचे आख्यान हिंदुस्थानी भाषेत केले. मराठी न समजणारा प्रेक्षकही तिकीट काढू शकतो, हे एकदा ध्यानात आल्यावर भाषा बदलायला या मंडळीला अडचण पडली नाही, कारण संवाद पाठ करायचे नव्हतेच. जी उणीव मी वर सांगितली, तीच येथे सोय होऊन आली.

या सगळ्याचा आजूबाजूला परिणाम झाल्यावाचून राहिला नाही. त्याच वर्षी, ऑक्टोबर १८५३ मध्ये, त्याच ग्रँट रोडच्या नाटकगृहात पारशी नाटक मंडळीने रुस्तुम आणि सोहराब यांचा खेळ केला, आणि तेथून पारशी रंगभूमीचा प्रवाह सुरू झाला. पारशी मंडळींनी इंग्रजी नाटके पाहिलेली होती आणि त्यांच्या प्रेरणा अनेक होत्या. तरीही देशी भाषेतला खेळ तिकिटावर चालतो, याचा पुरावा त्यांच्या डोळ्यांसमोर सात-आठ महिने आधी उभा राहिला होता, ही गोष्ट लहान नाही.

मिळकत कोणाची?

व्यवहार म्हणून पाहता मंडळीने संकटातून मार्ग काढला होता. लोकांनी पैसे दिले, नाव झाले, पुढच्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा दौरे झाले. मग साठाच्या दशकाच्या सुरुवातीलाच भाव्यांनी या धंद्यातून अंग का काढून घेतले? वयाने ते तेव्हा चाळिशीत होते. पुढे १९०१ पर्यंत जगले. प्रकृतीने किंवा वयाने थकण्याचा हा काळ नव्हता.

मला याचे एक मोठे कारण मंडळीच्या रचनेत दिसते. भाव्यांनी माणसे तयार केली, पण त्या माणसांना धरून ठेवणारे काही त्यांच्याजवळ नव्हते. चार वर्षे लक्ष्मणाचे काम केलेल्या तरुणाला आख्यान पाठ झालेले असे, भाषणे तर तो स्वतःच करीत असे, आणि सूत्रधाराची पदे ऐकून ऐकून साऱ्या मंडळीच्या तोंडी बसलेली असत. तो मंडळी सोडून गेला की जाताना खेळच बरोबर घेऊन जाई. पोथी चोरावी लागत नसे, कारण पोथी नव्हतीच. दरबाराच्या काळात याने काही बिघडत नव्हते. सोडून जाणाऱ्याला दुसरीकडे कोण विचारणार? पण तिकिटाने पैसे मिळतात हे एकदा दिसल्यावर तोच तरुण चार माणसे जमवून आपल्या गावाच्या नावाने मंडळी काढू शकत होता. आणि तसेच झाले. अमरचंदवाडीकर, आळतेकर, इचलकरंजीकर, कोल्हापूरकर अशा मंडळ्या एकामागून एक निघाल्या. लाल पडदा तोच, विदूषक तोच, मोर तोच, राळेचा भडका तोच. गावोगावचे प्रेक्षक आता वाटले जाऊ लागले, आणि ज्याने ही वाट पाडली त्याला तिच्यावर काही हक्क सांगता येईना.

हे भाव्यांचे अपयश म्हणून मी लिहीत नाही. एका अर्थी यासारखे यश नाही, कारण एका मंडळीच्या जागी दहा मंडळ्या उभ्या राहिल्याने मराठी मुलखात नाटक पाहण्याची सवय लागली. नाटक येणार म्हटल्यावर गावाने जागा द्यायची, सावकाराने आगाऊ रक्कम लावायची, बाजारात दवंडी पिटायची, तिकीट काढून आत जायचे, ही सारी शिस्त या मंडळ्यांनी लावली. पुढच्या संगीत नाटकाला ती तयारच मिळाली. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यांना प्रेक्षक घडवावा लागला नाही. घडलेल्या प्रेक्षकाला वेगळे काही द्यावे लागले.

मिळकतीच्या प्रश्नाला मात्र उत्तर मिळाले ते लिखित संहितेने. १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांनी 'थोरले माधवराव पेशवे' लिहिले. पुराणातले आख्यान नव्हे तर अलीकडचा इतिहास, आणि भाषणे शब्दशः लिहून काढलेली. अशा नाटकांना लोक 'बुकिश' म्हणत, कधी आदराने, कधी नाक मुरडून. जुन्या मंडळ्यांतल्या तरबेज नटांना ती गैरसोयीचीच वाटली असतील, कारण दुसऱ्याने लिहिलेले वाक्य जसेच्या तसे म्हणायचे ही त्यांची सवय नव्हती. पण लिहिलेले नाटक हातात आल्यावर मंडळीजवळ प्रथमच अशी वस्तू आली, जी एखादा नट सोडून गेला तरी मागे राहते. किर्लोस्कर नाटक मंडळी तिच्या संस्थापकाच्या मृत्यूनंतरही अनेक वर्षे उभी राहिली, त्यात माणसांचा वाटा मोठा आहेच. परंतु 'शाकुंतल' आणि 'सौभद्र' ही लिहिलेली, पदांसकट बांधलेली नाटके तिच्या पेटीत होती, हेही तितकेच खरे. भाव्यांच्या पेटीत मुकुट होते आणि मोर होता.

भाव्यांनी स्वतः पन्नासाहून अधिक आख्याने रचली. दौऱ्यांचे दिवस संपून वीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, १८८५ मध्ये त्यांनी आपली रचना छापून प्रसिद्ध केली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अण्णासाहेब किर्लोस्कर वारले. भाव्यांच्या त्या पुस्तकात सीता आहे, इंद्रजित आहे, गोपीचंद आहे. पण ती सारी सूत्रधाराच्या पदांतून. ग्रँट रोडच्या रंगमंचावर इंद्रजिताने लक्ष्मणाला काय सुनावले आणि लक्ष्मणाने त्याला काय उत्तर दिले, ते त्यात नाही, कारण ते कोणी लिहून ठेवलेलेच नव्हते.